सर्वांत मोठं गिऱ्हाईक : प्रवरानगर आणि सरकारी खरेदीची पंचाहत्तर वर्षं

३१ डिसेंबर १९५० रोजी लोणीजवळच्या सहकारी साखर कारखान्यातून पहिली साखर बाहेर पडली. प्रवरानगरची गोष्ट सांगताना हा दिवस कुणी विसरत नाही. विठ्ठलराव विखे पाटलांची पायपीट, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं अध्यक्षपद, वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा, पुढे उभी राहिलेली शाळा आणि रुग्णालय ही सगळी वाटचाल अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती पुन्हा सांगण्यासाठी हा लेख नाही. कारखान्यातून बाहेर पडलेला माल कुणी घेतला, कोणत्या अटींवर घेतला आणि त्या अटी कुणी लिहिल्या, या बाजूने पंचाहत्तर वर्षांकडे पाहिलं तर एक वेगळीच वाटचाल दिसते. या काळातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. त्याची खरेदीची रीत तीनदा पालटली आणि प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या हिशेबाची वही नव्याने मांडावी लागली.

मुळात कारखाना काढण्याची गरजच विक्रीतून आली होती. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि काठच्या गावांत ऊस उभा राहिला. पण उसाचा गूळ करून तो बाजारात न्यायचा आणि आडत्या सांगेल तो भाव घ्यायचा, हीच रीत होती. गुळाचा भाव पडला की गुऱ्हाळाचं जळणसुद्धा अंगावर यायचं. दुसरीकडे हरेगावला बेलापूर कंपनी आणि टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स साखर करत होत्या. साखरेत पैसा आहे आणि तो आपल्यापर्यंत पोचत नाही, हे कालव्यावरच्या बागाईतदाराला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालवे बागाईतदारांची परिषद भरली. गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. ऊस पिकवणाऱ्यांनीच सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे पक्का झाला. सभासदांचे शेअर, मुंबई सरकारचं भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज अशा तीन पायांवर कारखाना उभा राहिला. (त्याला ‘आशियातला पहिला सहकारी कारखाना’ म्हणण्याची पद्धत आहे. आंध्रात एटिकोप्पका इथे १९३३ मध्येच शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना काढला होता. प्रवरेचं मोठेपण पहिलेपणात नाही. तिच्या मागोमाग अख्ख्या महाराष्ट्रात कारखाने निघाले, यात आहे.)

साखर तयार झाली, पण तिचा भाव ठरवण्याचा अधिकार सभासदांकडे पुरता आलाच नाही. साखर ही जीवनावश्यक वस्तू, त्यामुळे सरकारचं नियंत्रण कधी कडक, कधी सैल असं चालूच राहिलं. १९६७ मध्ये अंशतः नियंत्रणाची पद्धत आली. उत्पादनातला ठरावीक हिस्सा रेशनसाठी सरकारने ठरवलेल्या भावात द्यायचा, म्हणजे लेव्ही, आणि उरलेली साखर खुल्या बाजारात विकायची. सुरुवातीची बरीच वर्षं लेव्हीचा हिस्सा निम्म्याहून मोठा होता. पुढे तो उतरत उतरत २००२ मध्ये दहा टक्क्यांवर आला.

लेव्हीच्या व्यवहारात विकणाऱ्याला काही शिकावं लागत नव्हतं, हे तिचं लक्षण नीट पाहण्यासारखं आहे. गिऱ्हाईक ठरलेलं, भाव ठरलेला, पोती कुठे पाठवायची तेही कागदावर लिहून येणार. बाजारभावापेक्षा कमी दर मिळतो म्हणून संचालक मंडळं कुरकुर करत, साखर संघ दिल्लीला निवेदनं देत. पण आपण काय भावाने विकू शकतो, आपला खर्च लिटरमागे किंवा क्विंटलमागे नेमका किती, शेजारच्या कारखान्यापेक्षा तो का जास्त, हे प्रश्न विचारायला हा व्यवहार भाग पाडत नव्हता. त्या सवयीची किंमत पुढे मोजावी लागली, असं माझं मत आहे.

खुल्या साखरेचा व्यवहार मात्र निविदेने चालायचा आणि आजही चालतो. कारखाना आपल्या साखरेची जाहिरात करतो, एस-३० आणि एम-३० अशा प्रतवारीनुसार व्यापारी दर भरतात, विक्री समिती निविदा उघडते आणि सर्वांत वरच्या दराला माल सुटतो. म्हणजे निविदा हा शब्द जिल्ह्यातल्या कारखान्यांना नवा नव्हता. पण त्या निविदेत कारखाना खुर्चीवर बसलेला असे आणि दर भरणारा व्यापारी समोर उभा. चित्र उलटं झालं ते मळीमुळे.

मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, दाट पाक. एक टन ऊस गाळला की साधारण पंचेचाळीस किलो मळी उरते. १९६१ च्या नियंत्रण आदेशामुळे तिचा भाव सरकारने इतका खाली बांधला होता की ती साठवण्याच्या टाक्यांचा खर्च परवडेना. कित्येक कारखान्यांवर मळी खड्ड्यांत सोडली जाई. तो आदेश १९९३ मध्ये रद्द झाला आणि मळीला बाजार मिळाला. ज्यांच्याकडे आसवनी, म्हणजे डिस्टिलरी होती, त्यांनी मळीपासून अल्कोहोल काढून रसायन कारखान्यांना आणि मद्यनिर्मिती करणाऱ्यांना विकलं. अहिल्यानगर जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. टिळकनगर, साकरवाडी, प्रवरानगर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात मळीचं पुढे काय करायचं हे जाणणारे रसायनतज्ज्ञ आणि कामगार तयार होते.

मग २००१ मध्ये केंद्र सरकारने पाच टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकून पाहायचं ठरवलं. त्या प्रयोगासाठी देशात तीन ठिकाणं निवडली. दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. मनमाड निवडलं जाण्यात नवल नव्हतं. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि दौंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना साखर कारखान्यांची रांग आहे. कोपरगावहून निघालेला टँकर तासाभरात मनमाडला पोचतो. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ही योजना सुरू झाली. सरकारी तेल कंपन्या खरेदीदार, कारखाने पुरवठादार आणि मध्ये निविदा.

इथून नवं शिक्षण सुरू झालं. पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल जवळजवळ निर्जल लागतं. त्याची शुद्धता भारतीय मानक १५४६४ मध्ये बांधून दिलेली आहे. आसवनीतून निघणाऱ्या नेहमीच्या स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. त्यासाठी रेण्वीय चाळणीचा (मॉलिक्युलर सीव्ह) वेगळा प्रकल्प उभारावा लागतो. त्यावर निविदेच्या अटी. कोणत्या डेपोला किती लिटर देणार ते डेपोनिहाय लिहून द्यायचं. ठरल्या तिमाहीत माल पोचवायचा. अनामत रक्कम आधी भरायची, बँक गॅरंटी द्यायची, कमी पडलं तर दंड. राज्य उत्पादन शुल्क खात्याचे परवाने वेगळे, दुसऱ्या राज्यात पाठवायचं तर तिथले वेगळे. कारखान्यात शेती विभाग होता, इंजिनिअरिंग होतं, लेखा विभाग होता. निविदेचे कागद वाचून अटींमधली खोच शोधणारा माणूस नव्हता. तो बहुतेक ठिकाणी आसवनीच्या व्यवस्थापकालाच व्हावं लागलं.

आणि भाव? २००६ नंतरच्या निविदांमध्ये तो लिटरला साडेएकवीस रुपये होता. २०१० मध्ये तात्पुरता म्हणून सत्तावीस रुपये झाला. त्या भावात रसायन कंपनीला किंवा मद्य कारखान्याला माल देणं कित्येकदा जास्त फायद्याचं असे. म्हणून कारखाने करार करून माल देत नसत, तेल कंपन्या मागणी नोंदवून उचल करत नसत आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत. २०१३-१४ या वर्षात अख्ख्या देशात फक्त ३८ कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेलं, म्हणजे दीड टक्का. दहा वर्षं चाललेल्या योजनेचं हे फळ.

२०१३ हे वर्ष या वाटचालीत दोन कारणांनी मोठं आहे. जानेवारीत पाच टक्के मिश्रण बंधनकारक करणारी अधिसूचना निघाली आणि भाव बाजाराने, म्हणजे निविदेने, ठरावा असं ठरलं. एप्रिलमध्ये साखरेवरच्या नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीच्या शिफारशीनुसार लेव्ही संपली. रेशनची साखर राज्यांनी खुल्या बाजारातून घ्यावी आणि केंद्राने किलोमागे साडेअठरा रुपये अनुदान द्यावं, अशी रचना आली. सेहेचाळीस वर्षांची लेव्ही आणि तिच्याबरोबर आलेली ‘भाव वर ठरतो’ ही सवय एका हंगामात निकालात निघाली. आता साखर असो की इथेनॉल, सरकारला विकायचं तर स्पर्धेत उभं राहूनच.

ही स्पर्धा टिकली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने इथेनॉलचा भाव स्वतः बांधून दिला. डेपोच्या अंतराप्रमाणे लिटरला ४८.५० ते ४९.५० रुपये. निविदा राहिली, पण तिच्यातून दर गेला; उरला तो परिमाणाचा प्रश्न. कोण किती देणार, कुठे देणार, आणि तेल कंपन्या कुणाचं किती घेणार. मला हा बदल योग्य वाटतो. उसाचा भाव कायद्याने बांधलेला असताना त्या उसापासून बनणाऱ्या वस्तूचा भाव सर्वांत कमी बोलीवर सोडणं म्हणजे शेतकऱ्याच्या देण्यावरच बोली लावणं होतं. २०१८ मध्ये पुढचं पाऊल पडलं. सी-हेवी मळी (साखर पुरती काढून उरलेली), बी-हेवी मळी (थोडी साखर तशीच राखलेली) आणि थेट उसाचा रस या तिन्हींपासूनच्या इथेनॉलला वेगवेगळे भाव मिळाले. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर अठराचा पाच टक्के झाला आणि आसवनी वाढवण्यासाठीच्या कर्जांवर व्याज सवलत आली.

हा फरक आकड्यांत समजून घ्यावा. एक टन सी-हेवी मळीपासून साधारण २२५ लिटर इथेनॉल निघतं, बी-हेवीपासून ३०० लिटर. एक टन उसाचा रस थेट वापरला तर ७० लिटर. फक्त शेवटच्या मळीवर चालणाऱ्या आसवनीला टन उसामागे दहा लिटर मिळत, तिथे कारखाना आता ठरवू शकत होता की या वर्षी साखर किती करायची आणि इथेनॉल किती. साखर गोदामात पडून राहते, तिच्यावर बँकेचं व्याज चढतं आणि सभासदाचं उसाचं बिल थकतं. तेल कंपनीचे पैसे तीन आठवड्यांच्या आत येतात, असा त्या काळात कारखान्यांना अनुभव येऊ लागला. प्रवरेकाठी, गोदाकाठी आसवन्यांची क्षमता वाढली ती या हिशेबावर. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के मिश्रण गाठलं. २०२३-२४ मध्ये पुरवठा सातशे कोटी लिटरच्या पुढे गेला.

निविदेच्या अटीही मऊ झाल्या, आणि त्याचं श्रेय सहकारी संघांनी सातत्याने मांडलेल्या गाऱ्हाण्यांना द्यायला हवं. २०२०-२१ च्या सुमारास सुरक्षा अनामत पाच टक्क्यांवरून एक टक्का झाली, पुरवठा न झाल्यास लागणारा दंडही तसाच उतरला. बाहेरच्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटेल. ज्या कारखान्याचं खेळतं भांडवल गाळप हंगामात जिल्हा बँकेच्या उचलीवर चालतं, त्याच्यासाठी अनामत म्हणून अडकलेला पैसा म्हणजे सभासदाच्या बिलाला लागलेला उशीर असतो.

निविदेची अट लिहितानाच लहान विकणाऱ्याचा विचार व्हावा, ही मागणी जगावेगळी नाही. युरोपीय संघात सत्तावीस देशांच्या सरकारी खरेदीला २०१४ चा एक निर्देश लागू आहे. ठरावीक रकमेच्या वरची प्रत्येक निविदा एकाच सामाईक प्रकाशनात येते, त्यामुळे पोलंडमधल्या लहान कंपनीला पोर्तुगालमधल्या नगरपालिकेची गरज घरबसल्या कळते. त्या निर्देशातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. मोठ्या कामाचे लहान भाग करावेत, आणि करायचे नसतील तर का नाही ते लेखी सांगावं. दुसरी, बोली लावणाऱ्याकडून कामाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त वार्षिक उलाढाल सहसा मागू नये. लहान कंपन्या एकत्र येऊन एक बोली लावू शकतात, त्यालाही मोकळीक आहे. ब्राझीलने तर जैवडिझेलच्या लिलावांत २००५ पासून आणखी पुढची रीत पाळली. लहान शेतकरी कुटुंबांकडून कच्चा माल घेणाऱ्या कारखान्यांना सरकार एक सामाजिक शिक्का देई आणि लिलावातला मोठा हिस्सा त्या शिक्क्याच्या कारखान्यांसाठी राखून ठेवी.

आपल्याकडे असा शिक्का नाही, आणि लहान विकणाऱ्याला करारातूनच मिळणारं संरक्षणही नाही. त्याची उणीव ७ डिसेंबर २०२३ रोजी जाणवली. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली. हंगाम सुरू झाला होता. निविदा भरून झाल्या होत्या, परिमाण मंजूर झालं होतं, आसवन्यांच्या कर्जाचे हप्ते सुरू होते. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, आदेश सैल झाला आणि सतरा लाख टन साखरेइतका रस व मळी वळवायला मुभा मिळाली. पूर्ण बंधन उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. देशाला साखर पुरली पाहिजे, ही गरज मी नाकारत नाही. पण करारात पुरवठादार चुकला तर दंड आहे आणि खरेदीदाराच्या बाजूने अट बदलली तर भरपाई नाही, हा करार एका अंगाला कललेला आहे.

त्या काळात भावही गोठला. रसाच्या इथेनॉलला २०२२-२३ मध्ये ६५.६१ रुपये ठरले, बी-हेवीला ६०.७३. २०२४-२५ मध्येही तेच. या दरम्यान उसाची एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३०५ रुपयांवरून ३४० वर आणि २०२५-२६ साठी ३५५ वर गेली. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, तो २०२५ संपेपर्यंत तसाच होता. मक्याच्या इथेनॉलला मात्र लिटरला ७१.८६ रुपये मिळत राहिले. परिणाम निविदेत दिसला. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटरची मागणी काढली, पुरवठादारांनी १,७७६ कोटी लिटर देऊ केलं, आणि मंजूर झालेल्या परिमाणात ऊस आणि मळीचा वाटा जेमतेम २८ टक्के आला. मका एकटाच जवळजवळ निम्म्यावर. मका पिकवणारेही शेतकरीच आहेत, त्यांच्या घरात पैसा जातो याचा आनंदच आहे. पण सरकारच्याच आग्रहाने, सरकारच्याच व्याज सवलतीवर उभ्या राहिलेल्या सहकारी आसवन्या वर्षातले कित्येक महिने बंद राहणार असतील तर त्यांच्या कर्जाचं उत्तर कुणी द्यायचं?

केंद्राने दोन गोष्टी केल्या आहेत, त्या नोंदवल्या पाहिजेत. निविदेतल्या पसंतीक्रमात सहकारी कारखान्यांना वरचं स्थान मिळालं. आणि मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या आसवन्या धान्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलतीची योजना जाहीर झाली. म्हणजे गाळप संपलं की त्याच आसवनीत मका किंवा खराब झालेलं धान्य. अहिल्यानगर जिल्ह्याला ही वाट खास जमण्यासारखी आहे. नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव भागात उसाशेजारी मका उभा असतोच. कारखान्याचा शेती विभाग उसाची नोंद घेतो तशी मक्याची घेऊ शकतो. पण धान्यावरची प्रक्रिया वेगळी आहे. पिष्टाची साखर करावी लागते, उरलेल्या चोथ्याचं पशुखाद्य करून विकावं लागतं. ते शिकायला वेळ लागेल.

या सगळ्यातून माझा एक आग्रह आहे. जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यांनी निविदेचं काम एकेकट्याने करणं थांबवावं. प्रत्येकाचा चिटणीस वेगळा कागद भरतो, प्रत्येकाचा टँकर त्याच मनमाडच्या दिशेने जातो, आणि कमी पडलं तर दंडही प्रत्येकाला वेगळा. एका कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला तर त्याची तूट शेजाऱ्याने भरावी, टाक्या सामाईक वापराव्यात, अटींवर हरकत एकत्र नोंदवावी, यासाठी सामाईक कक्ष लागेल. राजकारणातली वैरं आडवी येतील, हे मला दिसतं. १९४५ मध्ये बेलापूर रोडला जमलेल्या बागाईतदारांतही वैरं होतीच.

आणि हाच आग्रह कारखान्याच्या स्वतःच्या खरेदीलाही लागू आहे. बारदान, चुना, गंधक, यंत्रांचे सुटे भाग, ऊस वाहतुकीचे ठेके ही सभासदांच्या पैशाची खरेदी आहे. तिच्या निविदा कुणी भरल्या, कोणता दर मान्य झाला आणि का, हे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात सभासदाला सविस्तर वाचता आलं पाहिजे. तेल कंपनीकडे न्याय्य अटी मागायला जाणाऱ्या संस्थेची वही आधी उघडी हवी.

५ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रवरानगरला कारखान्याच्या वाढीव गाळप क्षमतेचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी कोपरगावच्या शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यात सहकारातला देशातला पहिला कॉम्प्रेस्ड बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. सुमारे ५५ कोटींचा खर्च, रोज बारा टन गॅस आणि पंचाहत्तर टन पोटॅश. या गॅसचंही गिऱ्हाईक पुन्हा तेल आणि गॅस कंपन्याच. इथेनॉलच्या वेळी भाव, मुदत आणि अट बदलल्यास भरपाई हे तिन्ही मुद्दे करार झाल्यावर आठवले. गॅसचे दीर्घ मुदतीचे करार अजून बहुतेक कारखान्यांनी केलेले नाहीत. हे तिन्ही मुद्दे साखर संघाने आत्ताच, त्या करारांवर सह्या होण्याआधी, लेखी मांडायला हवेत.